दहावा चिंचोका

लक्ष्मीदेवीचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा ती आतल्या खोलीत पडून होती आणि बाहेर तिची सासू तिच्या आईशी भांडत होती.

"आमचा लाडवांचा डबा रिकामा परत पाठवलात! गर्भारणीच्या घरचा डबा! चिमूटभर साखर घालायला हात मोडला होता?"

"साखर संपली होती हो, विहीणबाई."

"संपली ना? घ्या, आता सगळंच संपलं."

आई बिचारी पदर तोंडाला लावून निघून गेली. लक्ष्मीदेवीच्या मनात मात्र ते बसलं ते बसलंच. पुढे मोहनकुमार झाला, सासू गेली, जे. पी. नगरात दोन खोल्यांचं घर झालं, पण तिने रिकामं भांडं म्हणून कुणापुढे ठेवलं नाही. शेजारच्या हेमावतीची ताटली परत करायची तर तिच्यात निदान दोन मिरच्या तरी. हेमावती हसायची, "अक्का, पुढल्या खेपेला नारळ असू दे."

चौऱ्याण्णव साली सून रूपश्रीला आठवा लागला आणि रक्तदाब चढला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "डाव्या कुशीवर पडून राहायचं. बाळ किती वेळा हललं ते सकाळपासून मोजायचं. दिवेलागणीपर्यंत दहा झाले नाहीत तर लगेच यायचं. उद्यावर टाकायचं नाही."

लक्ष्मीदेवीचा पाटी-पेन्सिलीपेक्षा चिंचोक्यांवर भरवसा. सुनेच्या उशाशी वाटी ठेवली. रूपश्रीने हाक मारायची, "आत्याबाई, हललं!" की हिने हात पुसत येऊन चिंचोका टाकायचा. "बापावर गेलंय गं. काम ना धंदा, नुसत्या लाथा." वीस व्हायचे, बावीस व्हायचे.

पण रोज सकाळी सून उठायच्या आत ती एक चिंचोका वाटीत घालून ठेवायची. दिवस भरत आलेल्या बाईच्या उशाशी रिकामी वाटी कशी ठेवायची? विसात एक जास्त, कुणाला काय त्याचं!

मग सोळा झाले. मग तेरा. बुधवारी दिवे लागले तेव्हा मोहनकुमारने ऑटो दाराशी आणून ठेवली होती. रूपश्रीने वाटी पालथी करून मोजले. दहा.

"झाले ना गं?"

"झाले, आत्याबाई."

"मग सरी, झालं तर. स्वल्प सार-भात खा नि झोप."

ऑटोवाल्याला परत पाठवलं.

गुरुवारी सकाळी तिने सवयीने चिंचोका उचलला, आणि हात वाटीवरच अडकला. कालच्या दहातला एक तिचा होता. इतक्यात रूपश्री उठून बसली. "आत्याबाई, आज हलतच नाहीये."

दवाखान्यात नर्सने पोटावर यंत्र फिरवलं, जागा बदलून फिरवलं, मग डॉक्टरीणबाईंना बोलावलं. ठोका मिळाला नाही.

"काल किती?"

"दहा," रूपश्री म्हणाली.

"मग तुमची काही चूक नाही."

"नऊ," दारातून लक्ष्मीदेवी म्हणाली. सगळं सांगून टाकलं. मग विचारलं, "काल आणलं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी यंत्र पुसून बाजूला ठेवलं. "कुणी सांगावं," म्हणाल्या.

रूपश्री भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने 'आत्याबाई' म्हणणंच सोडलं. जेवायला वाढायची, पण हाक मारायची नाही.

तीन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले, तशी ती आनेकलला माहेरी गेली. मोजायची वेळ आली तेव्हा तिच्या आईने, वसुमतीने, वहीत रेघा मारायला घेतल्या. लक्ष्मीदेवी दर गुरुवारी बसने जायची. पिशवीत चार मोसंबी. ओट्यावर बसायची, आत जायची नाही, विचारायची नाही. वसुमती पाणी द्यायची आणि आपणहून आकडा सांगायची.

लक्ष्मीदेवीची मरणाआधीची शेवटची खेपही तशीच झाली. सकाळपासून तिच्या छातीत दुखत होतं. मोहनकुमार म्हणाला, "अव्वा, आज राहू दे."

"मोसंबी आणून ठेवलीत. तू सोलून खाणार आहेस का?"

ती बसने गेली. ओट्यावर बसली. आत रूपश्रीच्या बांगड्या वाजल्या, पण ती बाहेर आली नाही.

"काल चौदा," वसुमती म्हणाली.

"चौदा," लक्ष्मीदेवी म्हणाली. पाणी प्याली, मोसंबी ओट्यावर काढून ठेवली आणि चारची बस धरायला निघाली.