फादर आंबागडला आले तेव्हा

तुमसरच्या कोर्टात जाताना राइस मिलमधून उकडलेल्या धानाचा वास आला, की बाबा गेल्यानंतरची ती सकाळ आठवते. कॅथलिक विद्यापीठातलं एलएल.एम. अर्धवट सोडून मी आंबागडला परतले होते. पाचव्या दिवशी सकाळी माझे विद्यापीठातले मार्गदर्शक फादर आले आणि अंगणात मांडी घालून बसले. आईच त्यांना म्हणाली, "हिले घेऊन जा, फादर. हिचं शिकणं बाकी हाये."

"तू एकटी कशी राहशील?" मी विचारलं.

"राहीन ना मी. तू जाय."

आपण तिला नकोशा झालो, असं वाटून मी रागानं पिशवी भरली आणि तिच्या पाया न पडताच निघाले.

आता माझी मुलगी बाहेरगावी शिकते. मी निघून गेल्यावर आंबागडच्या त्या रिकाम्या घरात आईनं पहिल्या संध्याकाळी चूल पेटवली होती का, हे मी आईला कधीच विचारलं नाही.