रोजचे पन्नास जर्मन

मूल गावच्या आठवडी बाजाराला लागूनच कय्यूमभाईंचं भांडी दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर वर टिनाचं छप्पर, खाली पोतं, पोत्यावर कय्यूमभाई आणि त्यांच्या चहूबाजूंनी पोचे पडलेले गंज, म्हणजे भाताची मोठी पातेली, कान तुटलेल्या कढया आणि बूड गेलेल्या बकेटा. गावात या घराण्याला ‘जर्मनवाले’ म्हणतात. ॲल्युमिनियमच्या भांड्याला आपल्याकडे जर्मनचं भांडं म्हणतात, म्हणून जर्मनवाले. यात कोणाला शंका असायचं कारण नव्हतं. एकट्या कय्यूमभाईंना मात्र ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते हे नाव त्यांच्या दादामियाँनी दुसऱ्या महायुद्धात कमावलं होतं.

दादामियाँ, म्हणजे त्यांचे आजोबा करीमबख्श, इंग्रजांच्या फौजेत भरती होऊन लढाईवर गेले, चार वर्षांनी धडधाकट परतले आणि कय्यूमभाई नऊ वर्षांचे असताना वारले. त्यांच्या मांडीवर बसून नातवाने एकच वाक्य शंभरदा ऐकलं होतं, “लढाईत रोजचे पन्नास जर्मन ठोकलो मी!” एवढ्या भांडवलावर कय्यूमभाईंनी पन्नास वर्षं कारभार केला. आधी त्यांनी दादामियाँच्या हातात बंदूक दिली, मग एक नदी आणली, पुढे नदीवर पूल बांधला आणि एका पोळ्याच्या दिवशी, ऐकायला बरीच माणसं जमली म्हणून, तो उडवूनही दिला.

घरात दादामियाँचा फौजेतला कागद फ्रेम करून टांगला होता. कागद इंग्रजी, त्यामुळे त्याला सगळे मान द्यायचे, वाचत कोणी नसे. त्यातले ‘टिन स्मिथ’ एवढे दोन शब्द मात्र कोणीतरी कधीतरी अक्षरं जुळवून वाचले होते आणि हा दादामियाँचा गोरा साहेब असणार, असं घरात ठरून गेलं होतं. कय्यूमभाईंची बायको नूरी ईदला फ्रेम पुसताना स्मिथसाहेबालाही सलाम करायची.

पण या अभिमानाची एक बाजू कय्यूमभाई कोणाला दाखवत नसत. आजोबा दिवसाला पन्नास जर्मन ठोकायचे आणि आपण? लोकांच्या गंजांची बुडं ठोकतो! इतक्या मोठ्या माणसाच्या वंशात आपण हे असे निपजलो, ही गोष्ट त्यांना हातोडी उचलली की टोचायची. साठ वर्षांचा माणूस, पण दादामियाँच्या फ्रेमखालून जाताना अजून मान खाली घालायचा.

त्यांची मुलगी आफ्रीन कॉलेजात इतिहास शिकते. कॉलेजने ‘महायुद्ध आणि आपला जिल्हा’ असा कार्यक्रम ठेवला, लढाईवर गेलेल्यांच्या वारसांचे सत्कार ठरले आणि त्यात कय्यूमभाईंचं नाव आलं. वर दहा मिनिटं भाषण! कय्यूमभाईंनी नवा कुर्ता शिवायला टाकला आणि पूल पुन्हा एकदा उडवण्याची तयारी चालवली. कार्यक्रम मंगळवारी होता. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आफ्रीनने फ्रेम खाली काढली.

“अब्बा, दादामियाँ बर्मात होते. इथी लिहून आहे. बर्मात तर जपानी आले होते. तिथी जर्मन कुठून येतीन?”

“आले असतीन,” कय्यूमभाई म्हणाले, “पाव्हणे म्हणून.”

“रोजचे पन्नास म्हणजे चार वर्षांत सत्तर हजाराच्या वर होते, अब्बा. आणि टिन स्मिथ कोणी साहेब नाई. टिनस्मिथ म्हणजे पत्र्याचं, भांड्याचं काम करणारा कारागीर. दादामियाँ फौजेत भांडे ठोकत होते. जर्मनचे.”

नूरीने आधी तोंडाला ओढणी लावली, मग ती पुरेना म्हणून स्वयंपाकघरात पळाली. स्मिथसाहेबाला इतकी वर्षं केलेले सलाम आठवून ती आत एकटीच हसत होती. कय्यूमभाई मात्र हसले नाहीत. उभा जन्म स्वतः ‘जर्मन ठोकून राह्यलो’ म्हणणाऱ्या माणसाला हे कसं सुचलं नाही, असं कोणीही विचारील. नाही सुचलं! आपला दादामियाँ आपल्यासारखाच असेल, असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

“सरांना सांगून नाव काढून टाकू काय?” आफ्रीनने हळूच विचारलं.

“पाहू,” एवढंच बोलून ते उठले.

सोमवारी दुकानात त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तेवढ्यात तलावाकडच्या ढिवर मोहल्ल्यातली रंभाबाई, बाजारात मासोळ्या विकणारी, डोक्यावर भलामोठा गंज घेऊन आली आणि तो तिने धाडकन पुढ्यात ठेवला.

“भाऊ, बुडाले भोक पडलं. आताच्या आता करून द्या. माह्या पोराच्या, निकेशच्या लग्नाची पंगत आहे आज.”

“उद्या नेजो, बाई. आज जीव लागून नाई राह्यला.”

“तुमच्या जिवाचं मी काय करू? चाळीस माणसाचा भात होते या एका गंजात! हा गळला त पाव्हण्यायले काय नुसती हळद लावू?”

कय्यूमभाईंनी मुकाट्याने हातोडी घेतली. चार ठोके बसले, पाचवा हवेतच राहिला. चाळीस माणसं. एका गंजात चाळीस. त्यांनी खडूने फरशीवर आकडे मांडले, पुसले, पुन्हा मांडले. पन्नास गुणिले चाळीस.

“बाई,” ते ओरडलेच, “दोन हजार!”

“मी काय दोन हजार माणूस बलावले नाई,” रंभाबाई म्हणाली. “तुम्ही ठोका.”

मंगळवारी सभागृह भरलं होतं. कॉलेजच्या धनराज सरांनी ओळख करून दिली, “जर्मनांना धूळ चारणाऱ्या वीराचे नातू!” आफ्रीन पहिल्या रांगेत नखं खात बसली होती, अब्बांनी काय ठरवलंय, ते तिला शेवटपर्यंत कळलं नव्हतं. कय्यूमभाई माईकपाशी गेले. घसा खाकरला.

“सर चुकले. म्हणजे मीच चुकलो, पन्नास वर्षं. माह्या दादामियाँनं एकही माणूस नाई मारला. थो फौजेत जर्मनचे गंज ठोके, रोजचे पन्नास. एका गंजात चाळीस जणांचा भात धरा. बर्माचं जंगल, वरून पाऊस, समोर बंदुका, आणि दिवसाले दोन हजार शिपाई गरम भात खाऊन राह्यले. काऊन? त गंज गळत नव्हता म्हणून.”

पूल गेला, नदी गेली, बंदूकही गेली. तरी टाळ्या मात्र अशा पडल्या की आफ्रीनला रडू आलं आणि नूरी शेजारच्या बाईला, ओळख नसताना, “माहे मालक आहेत,” असं सांगून मोकळी झाली.

शेवटी प्रश्नांना वेळ होता. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. “काका, तुमच्या घरातून मग पुन्हा कोणी गेलं नाई काय, तसलं काम कराले?”

कय्यूमभाईंनी आपल्या काळ्या पडलेल्या, घट्टे आलेल्या हातांकडे पाहिलं आणि छाती भरून हसले.

“गेलं न, बेटा. मी जातो. रोज सकाळी नऊ वाजता.”