चोवीस पानांची पंगत

माझी चौथी झाली होती. पुढं मिडलच्या शाळेत पाचवीला जायचं की घरी बसायचं, हे काका ठरवणार होते. ते नागपूरला मास्तर होते आणि आमच्या घमापुरातल्या घरी सत्यनारायणाला यायचे होते. सकाळपासून मी दारात आणि चुलीपाशी नुसती येरझारा घालत होते. आई म्हणाली, "एका जागी बूड टेकव ना."

काका आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "बोल, चोवीसला कशाकशानं पूर्ण भाग जातो?"

मी सुरू केलं. चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर. रोज दिवेलागणीला आम्ही परवचा म्हणायचो. पाढा वर चढतो, एवढंच मला ठाऊक. खाली उतरायचं कोणी सांगितलं नव्हतं.

"हे तर पट सांगून राहिली," काका बाबांना म्हणाले. "पोपट आहे." बाबा हसले. मला हसू आलं नाही.

आईनं पत्रावळी मांडायला पाठवलं. जेवायला चोवीस माणसं होती. बारा-बाराच्या दोन ओळी घातल्या, तर शेवटची पानं ओसरीबाहेर गेली. आठ-आठच्या तीन घातल्या, तर ओळींच्या टोकाला वाढणाऱ्याला वाट उरेना. पाच-पाचच्या घालून पाहिल्या, चार पानं उरली. सगळी उचलून पुन्हा मांडली. सहा-सहाच्या चार ओळी बरोब्बर बसल्या.

"काय खेळून राहिली? लोक येऊन राहिले," आई ओरडली.

मी तशीच काकांकडे गेले. ते पाय धूत होते. "एक, दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, चोवीस. पाचानं जात नाही."

काकांनी पंच्यानं पाय पुसले. "अच्छा. कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. पानं मांडली."

ते बाबांकडे वळले. "बरोबर आहे. पण उशीर लागला. मिडलमध्ये मास्तर थांबत नाही कोणासाठी."

बाबा म्हणाले, "तसंही लांबच पडते ती शाळा. चल पोरी, तूप घे वाढायला."

मी तूप वाढलं. काकांच्या पानाशी जरा जास्त वेळ उभी राहिले. त्यांनी भातावर हात आडवा धरला, म्हणजे पुरे.

जूनमध्ये शाळा उघडली. मी गेले नाही. काका पुढं कितीदा आले, मला काही विचारलं नाही. मीही काही सांगायला गेले नाही.