जावयाचा वस्तरा आणि माझी मिशी

आता कुठल्या तोंडानं सांगू? बरं, ऐकाच. पण चहा आधी खाली ठेवा.

कळंबला आमच्या प्रियाचा साखरपुडा होता. होणाऱ्या जावयानं, नीलेशनं, मला भेट म्हणून वस्तरा पाठवला. कारागिरानं हातानं घडवलेला. शिसवी मूठ, पितळी खिळा, आणि पातं? अहो, नजर ठरेना. नुसत्या दाढीसाठी एवढं देखणं काही करतात? मी डबी उघडायचो, बघायचो, परत मिटायचो. हात लावायची छातीच होईना. शेवटी हळदकुंकू वाहिलं.

"दाढी करा नायतर आरती करा," बायको म्हणाली. "पावणे येतील आता."

साखरपुड्याच्या सकाळी धीर केला. पातं गालावरून फिरलं ते मला कळलंसुद्धा नाही. लोणी हो नुसतं! मी आपला त्या पात्याकडंच बघत राहिलो, आणि मिशीची डावी बाजू गेली. उजवी सारखी करायला गेलो, ती जास्तच उतरली. मग परत डावी. शेवटी राहिलं तेही काढून टाकलं.

आता आमच्याकडं रीत अशी, की बाप वारला तरच मुलगा मिशी उतरवतो. आणि माझे म्हातारे वडील, आमचे आबा, तर घरात नव्हते. पाहुण्यांना आणायला टेंपो घेऊन लोधिवलीला गेले होते.

मी ओटीवर आलो. मांडव बांधणारा शेजारचा पांडू माझं तोंड बघून खाली उतरला. टोपी काढली आणि मला मिठी मारून रडायला लागला. मला वाटलं, प्रिया सासरी जाणार म्हणून गहिवरला. मग मीही रडलो.

झालं! घटकाभरात ओटी भरली. बायका रडतायत, मांडव सुटतोय. पांडूनं व्याह्यांना फोन लावला. "साखरपुडा राहू द्या. आबा वारले."

"अरे, ते माझ्या शेजारी तंबाखू मळतायत," व्याही म्हणाले.

टेंपो दारात आला. व्याह्यांनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाप जिता हाय आन मिशी उतरवली? असल्या घरात सोयरीक कशी करायची?"

प्रिया रडवेली झाली. मी वस्तऱ्याची डबी तेवढी पुढं केली. आबांनी वस्तरा उघडला, उन्हात धरला आणि किती तरी वेळ बघत राहिले.

"व्याही, तुमच्याच पोरानं दिलाय ना ह्यो? असल्या पात्यापुढं मिशीचं काय चालणार? मीच आता दाढी ठेवीन म्हणतो, ह्याच्यासाठी."

व्याही खो खो हसत सुटले. नीलेश लाजून लाल झाला. साखरपुडा झाला, पेढे वाटले, माझा जीव भांड्यात पडला.

मग आबांनी मला जवळ बोलावलं. म्हटलं, आशीर्वाद देतायत.

"मिशी तर आजच गेली," ते माझ्या टकलावरून हात फिरवत म्हणाले. "आता माझ्या येळेला काय उतरवशील रं?"