पूजेला बसलेली विमानाची पुस्तकं

वनमाला माझी धाकटी जाऊ. तिला एका जागी बूड टेकून बसलेलं कोणी दाखवा, मी त्याला पुरणपोळी खायला घालीन. चहासुद्धा बाई ओट्याशी उभ्यानं पिते. घाटकोपरला आमच्या इमारतीवरून विमानं उतरायला जातात, इतकी खालून की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. आम्ही बाकीचे थांबतो. वनमाला उठून गॅलरीत जाते, विमान दिसेनासं होईपर्यंत बघते आणि आत येऊन विचारते, "काय म्हणत होतात, ताई?" डोकं फिरतं माझं.

पूर्वी अशी नव्हती. तिची श्रुतिका घाटावरच्या एका फ्लाइंग क्लबात विमान शिकायला गेली आणि हे खूळ सुरू झालं. क्लबातल्या एका सीनियर मुलीनं श्रुतिकाला तीन पुस्तकं सांगितली होती. एक विमान उडवायचं, एक हवामानाचं, एक दिशा आणि नकाशांचं. पोर म्हणाली, मी ऑनलाइन मागवते. पण पुस्तक हातात घेऊन बघितल्याशिवाय वनमाला घेईल तर शपथ. मला ओढत फोर्टात घेऊन गेली आणि दुकानदाराला विचारते, "यात मागच्या वर्षीचे पेपर आहेत का? अपेक्षित प्रश्न?" तो बिचारा आमच्याकडे बघतच राहिला.

घरी आल्यावर तिन्ही पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, लेबलं चिकटवली. नाव लिहिलं. इयत्तेपाशी पेन अडलं. जरा विचार करून तिनं लिहिलं, "विमान".

इथवर ठीक होतं. पण पोरगी पुस्तकं न्यायला येईपर्यंत बाईसाहेब स्वतःच वाचायला बसल्या. बसल्या कसल्या, पोळ्या लाटता लाटता, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, शेजारी डिक्शनरी. म्हणाली, "दहावीला, बारावीला मीच अभ्यास घेतला ना तिचा? मग आधी मला वाचायला नको?" पुढे इमारतीत कोणी न विचारताच सल्ले द्यायला लागली. आधी उडवायचं घ्या, त्यात चित्रं आहेत. नकाशांचं घ्यायचं तर गणित पक्कं हवं. हवामानाचं जेवणाआधी मुळीच वाचू नका, अन्न उतरत नाही. आमच्या मजल्यावर विमान शिकणारं होतं कोण, ते देवाला ठाऊक.

हवामानाचं तिनं वादळी ढगांपाशीच मिटलं. उडवायच्या पुस्तकातलं एकच प्रकरण मात्र इतकं वाचलं की पानं शिवणीतून सुटली. वर असताना इंजिन बंद पडलं तर काय करायचं, ते.

आणि यंदा दसऱ्याच्या आधी श्रुतिकाचा फोन आला. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी क्लबातले सर तिची परीक्षा घेणार होते. पास झाली की सोलो, म्हणजे विमानात ती एकटी, शेजारी कोणी नाही. वनमालाच्या तोंडचं पाणी पळालं. "एकटी नको," म्हणाली. "सरांना सांग, मागे बसा. हवं तर बोलू नका." पोरगी हसली. वनमाला नाही हसली. आठवडाभर तिचं तेच चालू, एकटी नको, एकटी नको. भाजी निवडताना म्हणे, कपडे वाळत घालताना म्हणे.

नवमीच्या आदल्या दिवशी श्रुतिका पुस्तकं घेऊन घरी आली. दसऱ्याला पहाटेच्या बसनं परत जायचं होतं, मधल्या दिवसात उजळणी करायची होती. नवमीला सकाळी पोरगी उठून बघते तर तिन्ही पुस्तकं देवासमोर पाटावर, हळदकुंकू लावून, वर झेंडूची फुलं.

आमच्याकडे खंडेनवमीला पुस्तकं पूजेला बसतात. दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झालं की अक्षता टाकून ती जरा हलवायची, मगच उचलायची. तोवर कोणी हात लावायचा नाही. लहानपणी पोरांना ही सुट्टी फार आवडायची.

"आई, ही का ठेवलीस?"

"विद्याच आहे ना ती?"

दरवर्षी पाटी आणि एक पोथी बसते तिच्याकडे. मला कळायचं ते कळलं. श्रुतिकालाही कळलं असणार, पण ती रडली नाही, भांडली नाही. दिवसभर घरात येरझारा घालत राहिली. आई स्वयंपाकघरात, लेक बाहेर, दोघींचे पाय थांबेनात. संध्याकाळी मी दसऱ्यासाठी आणलेली आपट्याची जुडी द्यायला गेले तेव्हाही तेच. शेवटी मलाच राहवेना. "वने, बस झालं. पुस्तकं नाही देत तर तू विचार तिला. तुला पाठ आहे ना सगळं?"

वनमाला कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "इंजिन बंद पडलं तर?"

"आधी नाक खाली," श्रुतिका दारातून म्हणाली.

"पडतंय विमान आणि आपणच नाक खाली करायचं? मी असते तर जिवाच्या आकांतानं वर ओढलं असतं."

"सगळे तेच करतात, आई. भीतीनं दांडा ओढला की नाक वर होतं, वेग जातो, मग पडतंच. हात सैल सोडायचा. जरा पुढे जाऊ द्यायचं. वेग राहिला की ते तरंगत जातं, मग खाली मोकळी जागा शोधायची."

"हात थरथरला तर?"

"थरथरू दे. ओढायचं नाही."

वनमालानं परातीतले हात काढले. वरून विमान गेलं आणि ती गॅलरीत गेली नाही. नळाखाली हात धुतले, पदराला पुसले, सरळ देवापाशी गेली. अक्षता टाकल्या. तिन्ही पुस्तकं जराशी हलवली आणि उचलून लेकीच्या हातात दिली. लग्न होऊन आल्यापासून या बाईनं कधी रीत मोडली नाही, चतुर्थीच्या उपासाला मीठसुद्धा चाखलं नाही. मी सगळ्यांना रीत शिकवणारी, पण पाटावरून सांडलेली झेंडूची फुलं मीच गोळा केली.

"ताई, उद्या सोनं वाटायला ही नसेल," ती म्हणाली. "आजच द्या दोन पानं."

मी जुडी सोडली. तिनं पानं लेकीच्या तळहातावर ठेवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. बराच वेळ धरली. मग हात सैल केले.

"घे सोनं," म्हणाली. "जा एकटी."