जावईबापूंचं दुसरं जेवण

मावशी इस्पितळाच्या शवागारात काम करते. माणूस गेला की त्याचं अंग पुसायचं, केस विंचरायचे, चादरीत नीट गुंडाळून नातेवाइकांच्या हवाली करायचं. लिफ्टमध्ये ती शिरली की ओळखणारे अंग चोरून उभे राहतात, जणू माणसं हिच्यामुळेच मरतात. मावशी हसण्यावारी नेते. माझं मात्र डोकं फिरतं.

काकांनी तिच्याशी लग्न केलं आणि घरात समुद्र आणला. खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यात खडक, दोन-चार गोगलगायी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा एक नारिंगी मासा. काम काडीचं नाही आणि जेवायला सगळ्यांच्या आधी हजर, म्हणून काकांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. मूलबाळ नव्हतं, जावई तेवढा मिळाला. त्याला दिवसातून एकदाच, संध्याकाळी, चिमूटभर खाणं. तो मान काकांचा.

काका गेले. मावशी कामावर निघण्याआधी सकाळीच त्याला खाऊ घालू लागली. काकांच्या हातचं म्हणावं असं तेवढंच काय ते घरात जिवंत उरलं होतं.

मग टाकीत ब्रिसलवर्म दिसू लागले. गुलाबी, चपटे किडे, दोन्ही अंगांना पांढऱ्या काट्यांची झालर. एक गोगलगाय मेली, तर तिच्या शंखात हेच वळवळत होते. जावईबापूही पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागले.

"हेच एकेकाला खाताहेत," मावशी म्हणाली आणि तिने एक किडा डाव्या हाताने उचलला. काटे बोटांत घुसले. चिकटपट्टी लावून मी ते उपटले, तरी आग जाईना. किडा बाटलीत घालून आम्ही माशांच्या दुकानात गेलो.

"हे मारत नाहीत हो," दुकानदार म्हणाला. "मेलेलं, उरलेलं साफ करतात. मेल्याजवळ सापडतात म्हणून यांच्यावर आळ."

मावशीचा चेहरा उतरला. लिफ्टमधले लोक तिला आठवले असणार. मला तरी आठवले.

"पण इतके झाले म्हणजे खाणं जास्त पडतंय. त्यानेच पाणी सडतंय. घरात दोघं जण घालता का?"

"मी एकटीच असते."

"मग दुसरं कोण घालतंय ते शोधा. असंच चाललं तर मासा जाईल. किड्यांना तरी किती झेपणार?"

संध्याकाळी मावशीबरोबर मी घरी आले. तिने कुलूप काढलं, चपला सोडल्या, हात धुतले. मग टाकीच्या खिडकीकडच्या बाजूला, काका उभे राहायचे तिथे, जाऊन उभी राहिली. डाव्या हाताने खाण्याची डबी उघडली, चिमूट पाण्यात सोडली, डबी जागेवर ठेवली. मावशी उजव्या हाताची. डावखुरे होते ते काका.

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "अहो, जावईबापू जेवले का?"

मी तिच्या मागोमाग आत गेले.

"मावशी, आत्ता खाणं कुणी घातलं?"

"त्यांनी," ती म्हणाली. मग स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली. सुजलेल्या बोटांना खाण्याचा चुरा चिकटला होता.

ती तिथेच जमिनीवर बसली. "किती जणांना पुसलं मी. यांनाही मीच पुसलं, मीच गुंडाळलं," ती म्हणाली. "तरी माझ्या हाताला पटलं नाही बघ."

दुसऱ्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले. जावईबापू खिडकीच्या बाजूला वर येऊन तोंड उघडमीट करत होते. खडकाखालून एक किडा डोकावत होता. मावशी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होती.

"ते येणार नाहीत," ती माशाला म्हणाली.

काका गेल्यापासून हे शब्द त्या घरात कुणीच उच्चारले नव्हते. मला तिच्याकडे बघवेना. जावईबापू बराच वेळ तिथेच वाट बघत राहिले, आणि मावशीसुद्धा.