ओयान्तायताम्बोला दीदींबरोबर

कोलकात्यात चढ म्हणजे उड्डाणपूल, नाहीतर मेट्रोचा जिना. त्यामुळे पेरूला जायचं ठरल्यावर सराव कुठे करायचा हा प्रश्नच होता. शेवटी बालीगंजच्या आमच्या चार मजली इमारतीचा जिना आम्ही धरला. दुसऱ्या मजल्यावरच्या दीदी आणि मी, रोज सकाळी सहा वेळा वर आणि सहा वेळा खाली. पहिल्या आठवड्यात शेजारी काळजीने विचारत होते, लिफ्ट बंद पडलीय का?

दीदी अडुसष्ट वर्षांच्या. ग्रंथालयातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून आम्ही तीन वर्षांसाठी इथे आलो आणि कायमचे राहिलो. मला बंगाली बोलायला शिकवलं ते दीदींनी. अजूनही माझी चूक झाली की बोलता बोलता मधेच थांबवून सुधारतात.

मी जवळच्या शाळेत भूगोल शिकवायचे. सातवीच्या मुलींना दरवर्षी अँडीज पर्वत आणि इंका लोकांची पायऱ्यांची शेती शिकवताना मी फळ्यावर एक ठरलेली आकृती काढत असे. इतकी वर्षं काढून ती डोळे मिटूनही जमायला लागली होती. निवृत्त झाल्यावर एकदा म्हटलं, ही शेती खरी बघायची. नवऱ्याला बाल्कनीतून खाली बघितलं तरी गरगरतं. तो म्हणाला, "तू जा. मी फोनवर बघीन." हे मी जिन्यात दीदींना सांगितलं. हातातली भाजीची पिशवी खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "मी येते."

आम्ही कोलकात्याच्याच एका छोट्या गटाबरोबर गेलो. कुस्कोला विमानातून उतरलो आणि दीदींचं डोकं जड झालं. हवा विरळ, त्यात प्रवासाचा शीण. हॉटेलवाल्यांनी कोकाच्या पानांचा चहा दिला, उंचीच्या त्रासावर तिकडे हाच देतात. तो घेऊन त्या दिवसभर अंथरुणात पडून राहिल्या, पोटात काही ठरेना. संध्याकाळी हळू आवाजात म्हणाल्या, "तुझी सहल बिघडवली मी."

"माझी कशाने? आपली आहे," मी म्हटलं. पण मनातून मीही घाबरले होते. घरापासून इतक्या लांब त्यांना काही झालं तर?

दुसऱ्या दिवशी आम्ही ओयान्तायताम्बोला आलो. ते कुस्कोपेक्षा बरंच खाली आहे. तिथल्या मुक्कामानंतर सकाळी दीदींनी नाश्त्याला अंडं मागून घेतलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

गावाला लागूनच डोंगर आहे आणि त्या डोंगरावर खालपासून वरपर्यंत दगडी पायऱ्यांची शेतं. आमची वाटाड्या त्याच गावातली, तिशीतली बाई होती. चांगलं इंग्रजी बोलायची. तिने नदीपलीकडचा डोंगर दाखवला. वरच्या देवळाचे दगड तिकडच्या खाणीतले. माणसांनी ते ओढत खाली आणले, नदी ओलांडली आणि या डोंगरावर चढवले. काही दगड वाटेतच राहिले, ते अजून तिथेच पडलेत. त्यांना गावातले लोक थकलेले दगड म्हणतात.

"थकली माणसं आणि नाव दगडांचं," दीदी म्हणाल्या. मी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा वाटाड्या हसली.

आम्ही चढायला लागलो आणि चाळीसेक पायऱ्यांनंतर दीदी एका कडेला बसल्या. रंग उतरला नव्हता, पण धाप लागली होती. मीही शेजारी बसले.

"तू का बसलीस?"

"दोघी आलोय, दोघीच जाऊ."

"मग दोघी इथेच बसू का? एवढ्या लांब येऊन? ऊठ. माझ्याकडे पाणी आहे, टोपी आहे. मी कुठे पळून जात नाही."

मी उठले. वर जाताना सारखं मागे वळून बघत होते. थोडं चढल्यावर वाटाड्याने मला एका शेताच्या भिंतीजवळ थांबवलं. भिंत सरळ उभी नव्हती, मागे डोंगराकडे कललेली होती. तिच्यातून लांबट दगड बाहेर आले होते, एकाहून एक वर. एका शेतातून दुसऱ्यात चढायला केलेल्या त्या पायऱ्या. आत तळाला मोठे दगड, त्यावर खडी, वाळू आणि मग खालून वाहून आणलेली माती, असं तिने सांगितलं. मी फळ्यावर भिंती काटकोनात काढत आले होते. चढायच्या पायऱ्या तर मी कधी काढल्याच नव्हत्या. शेतकरी वर जायचा कसा, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला पडला नव्हता आणि एकाही मुलीने विचारला नव्हता.

अगदी वर सहा प्रचंड शिळा शेजारी शेजारी उभ्या आहेत. गुलाबीसर रंगाच्या. दोन शिळांच्या मधल्या फटीत दगडाची एक अरुंद पट्टी बसवलेली आहे, इतकी नेमकी की सुई आत जाणार नाही. देऊळ पुरं झालंच नाही म्हणे. मी तिथे उभी राहिले आणि दीदी खाली आहेत हेच आठवत राहिलं.

उतरताना आम्ही दुसऱ्या वाटेने आलो. दीदींना सोडलं होतं तिथे पोचलो तर जागा रिकामी. मी हाका मारल्या. कुणी ओ देईना. तेवढ्यात वाटाड्याने माझा दंड धरून वर बोट दाखवलं. दोन शेतं वर, भिंतीच्या सावलीत, दीदी बसल्या होत्या. शेजारी भिंतींमधलं गवत काढणारी एक म्हातारी बाई होती. तिची जेवणाची सुट्टी असावी. ती चातीवर लोकर कातत होती आणि दीदी अंगातल्या स्वतः विणलेल्या स्वेटरची बाही तिला उलटी करून दाखवत होत्या. एक बंगालीत बोलत होती, दुसरी तिच्या भाषेत.

"हाका ऐकू आल्या नाहीत?" मी जरा चिडूनच विचारलं.

"आल्या. पण ही टाके मोजत होती," दीदी म्हणाल्या. "दहा पायऱ्या चढायच्या आणि बसायचं, असं हिने दाखवलं मला. तशी इथवर आले. आता पुढे चल."

"मी आत्ताच उतरले, दीदी."

"मग वाट माहीत झाली तुला."

दहा दहा पायऱ्या करत आम्ही निघालो. दर थांब्यावर मी त्यांना काहीतरी दाखवत होते, कललेली भिंत, बाहेर आलेले दगड, पलीकडच्या डोंगरावरची धान्याची कोठारं. फळ्यावरची माझी चूकही सांगितली. इतक्या मुलींना चुकीचं शिकवलं म्हणून मला खरंच वाईट वाटत होतं.

"त्यातली कुणी अशी भिंत बांधायला गेली का?" दीदींनी विचारलं.

"नाही."

"मग कुणी पडलं नाही."

वर पोचलो तेव्हा वारा सुटला होता. दीदी सहा शिळांसमोरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाल्या, "पुरं झालं नाही तरी किती छान आहे." आम्ही कडेच्या दगडावर बसून बिस्किटं खाल्ली. खाली गटातली मंडळी बसजवळ जमली होती, कुणीतरी आमच्याकडे बघून हात हलवत होतं. दीदींनीही हात हलवला आणि अजून पाच मिनिटं बसू म्हणाल्या.